पांढरं जातंय म्हणून पिशवी काढायची?

डॉक्टर ताई, नमस्कार.

माझं वय 34. सोलापूर जिल्ह्यात एका मायक्रोफायनान्स कंपनीत फील्ड ऑफिसर आहे. सकाळी सातला पहिली सेंटर मीटिंग, मग गावोगाव वसुली, संध्याकाळी सहाला ब्रँचमध्ये हिशेब. दिवसभर स्कूटीवर. बाहेर कुठे जायची सोय नाही म्हणून मी पाणीच पीत नाही. दोन मुलं आहेत, ऑपरेशन झालंय. मिस्टर ट्रकवर असतात, पंधरवड्यातून दोन दिवस घरी.

दिवाळीपासून त्रास चालू आहे. आधी लघवीला जळजळ झाली, मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या. मग खाज सुटली आणि दह्यासारखं पांढरं जायला लागलं. त्यावर मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, आठवडाभर बरं वाटलं. आता पातळ जातं आणि वास येतो. मिस्टर येऊन गेले की जास्तच. मी सकाळ-संध्याकाळ जेट स्प्रेने आतून धुते, पाण्यात जंतुनाशकाचे थेंब टाकते, तरी वास जात नाही. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे, तुरटीच्या पाण्याने धू. मिस्टर म्हणतात, तुझ्याच स्वच्छतेत कमी आहे. मला वाटतं त्यांच्याकडूनच आलं असेल, पण विचारू कसं? तालुक्याच्या डॉक्टरांनी आतून न तपासता सोनोग्राफी करायला लावली आणि म्हणाले, पिशवीला सूज आहे, मुलं झालीत, काढून टाका म्हणजे कॅन्सरची भीती नको. काय करू?

— एक वाचक

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळ्या चुका दुरुस्त करता येतात, ही येत नाही. पिशवी काढू नका. तुम्ही लिहिलेला त्रास गर्भपिशवीत नाहीच, तो योनीमार्गात आहे. पिशवी काढली तरी योनीमार्ग तिथेच राहणार, तिथले जंतू तिथेच राहणार, आणि ऑपरेशनचा खर्च फेडता फेडता पांढरं पुन्हा जायला लागणार. सोनोग्राफीच्या कागदावर ‘बल्की युटेरस’ असं लिहिलेलं असेल. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी दिसतेच. पाळी नियमित असेल, अंगावरून जास्त जात नसेल, तर नुसत्या त्या दोन शब्दांवर पोट उघडायचं काही कारण नाही. आणि असल्या पांढऱ्याचा पुढे कॅन्सर होत नाही. कॅन्सरची भीती खरंच घालवायची असेल तर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्या. तिशीनंतरच्या प्रत्येक बाईने ती दर पाच वर्षांनी करावी असा सरकारी कार्यक्रमच आहे. मुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून बघतात, काही मिनिटांचं काम.

हे इतकं ठासून लिहिते कारण तुमच्या शेजारच्याच भागात काय झालं ते आपण पाहिलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बायकांची 2019 मध्ये पाहणी झाली, तेव्हा 82,309 जणींपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या किती जणींची सुरुवात पांढरं जाणं, कंबर दुखणं अशा तक्रारींनी झाली होती, ते त्यांच्याच तोंडून बाहेर आलं. कॅन्सरची भीती घालायची, मुलं झालीत म्हणायचं, आणि टेबलवर घ्यायचं. पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2022 मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितलं. चाळिशीच्या आत पिशवी, आणि बरेचदा सोबत अंडाशयंही, काढली की पाळी जाण्याचे सगळे परिणाम लवकर सुरू होतात, हाडं ठिसूळ होण्यापासून. आतून तपासल्याशिवाय जो डॉक्टर ऑपरेशन सुचवतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

आता तुमच्या त्रासाकडे. तुम्ही ‘दिवाळीपासून त्रास’ असं एका दमात लिहिलंय, पण मला तुमच्या पत्रात तीन वेगळे आजार दिसतात, आणि एकाने दुसऱ्याला बोलावून आणलेलं दिसतं.

पहिला मूत्रमार्गाचा. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत पाणी नाही आणि लघवी दाबून धरलेली. मूत्राशय वेळेवर रिकामं होत नाही, तिथे जंतू वाढतात, जळजळ होते. हा योनीमार्गाचा आजार नाही, पण पुढचं सगळं इथूनच सुरू झालं असावं. मेडिकलमधून पाच दिवसांच्या ज्या गोळ्या घेतल्या त्या बहुतेक अँटिबायोटिक होत्या. अँटिबायोटिक लघवीतल्या जंतूंना मारतं आणि सोबत योनीमार्गातल्या चांगल्या जंतूंनाही मारतं.

हे चांगले जंतू म्हणजे लॅक्टोबॅसिलस, दुधाला विरजण लावल्यावर जे काम करतात त्यांचेच भाऊबंद. ते लॅक्टिक ॲसिड तयार करतात, त्यामुळे योनीमार्ग आंबट राहतो, पीएच साधारण 3.8 ते 4.5. त्या आंबटपणात बाकीच्या जंतूंना डोकं वर काढता येत नाही. अँटिबायोटिकने ही पहारेदारी उठली की आधीपासून थोडीफार असलेली कॅन्डिडा नावाची बुरशी फोफावते. तुमचा दुसरा आजार हा: खाज, लाली, दह्याच्या गोळ्यांसारखं पांढरं, वास नाही. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा होतो. ही बुरशी सहसा नवऱ्याकडून येत नाही, आणि अस्वच्छतेनेही होत नाही. रक्तातली साखर वाढलेली असेल तर मात्र ती पुन्हा पुन्हा होते. म्हणून तुमची साखर एकदा तपासून घ्या, घरात कुणाला मधुमेह असेल तर नक्कीच.

मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबवर काय लिहिलंय ते बघा. आपल्याकडे बुरशी, जिवाणू आणि खाज तिन्हींवर एकच ट्यूब सर्रास विकली जाते, आणि त्यात स्टेरॉइड असतं. नावात बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल दिसलं की समजा. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो, आणि खाली बुरशी आरामात वाढत राहते. नाजूक जागेची कातडी पातळ होते ते वेगळंच. मांडीच्या सांध्यात गोल कडा असलेलं काळपट चकंदळ असेल तर तो नायटा आहे. दिवसभर घामेजलेल्या सीटवर बसणाऱ्यांना तो फार होतो. त्याचं औषध वेगळं, कालावधी लांब, आणि स्टेरॉइडने तो चिघळतो. ती ट्यूब बंद करा.

आणि आता तिसरा: पातळ, राखाडी-पांढरं, माशासारखा वास, संबंधानंतर जास्त. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. चांगले जंतू हटले आणि त्यांच्या जागी गार्डनेरेलासारख्या जंतूंनी गर्दी केली की हा होतो. वीर्य आंबट नसतं, अल्कधर्मी असतं, म्हणून संबंधानंतर वास उसळतो. मिस्टर येऊन गेले की वास वाढतो, त्याचं एक साधं कारण हे आहे.

खरं सांगू का, या तिसऱ्या आजाराला सगळ्यात मोठी मदत तुमच्या जेट स्प्रेने केलीय. ताई, योनीमार्ग आतून धुवायचा नसतोच. तोंडात जशी लाळ, तसा तिथे स्राव असतो, तो आतून बाहेर येतो आणि जागा स्वच्छ ठेवतो. दिवसातून दोनदा फवारा मारला, त्यात जंतुनाशक घातलं, की उरलेसुरले चांगले जंतूही वाहून जातात. वास येतो म्हणून तुम्ही धुता, धुतल्यामुळे वास परत येतो, मग तुम्ही अजून धुता. आतून धुणाऱ्या बायकांमध्ये हा आजार जास्त आढळतो, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. तुरटीने आतली त्वचा आक्रसते आणि सोलवटते, कडुलिंबाच्या पाण्याचाही काही उपयोग नाही, सुगंधी इंटिमेट वॉश म्हणजे महागडी कटकट. दही आत लावायचा सल्ला कुणी देईल, तेही नको. अंघोळीच्या वेळी बाहेरचा भाग साध्या पाण्याने, हवं तर सौम्य साबणाने धुवा, पुढून मागे, आणि टॉवेलने टिपून कोरडा करा. इतकंच.

सासूबाईंना दुखवू नका. त्यांच्या काळात बायकांच्या या त्रासावर कुणी औषध देतच नव्हतं, तुरटी आणि धीर याच दोन गोष्टी हाताशी होत्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायकांना तपासून 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास छापला, तेव्हा त्यांतल्या 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार निघाला, आणि आधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. बाकीच्या सगळ्या सोसत होत्या. तुमच्या सासूबाई त्याच पिढीच्या. त्यांना सांगा, डॉक्टरांनी तुरटी बंद करायला सांगितली आहे. डॉक्टरच्या नावावर ढकलता येतं, तेवढा तरी आमचा उपयोग.

मिस्टरांच्या ‘स्वच्छतेत कमी’ या वाक्याचं उत्तर तुम्हाला आता मिळालं असेल. तुम्ही कमी नाही, जास्तच धुतलंय.

त्यांच्याकडून आलं का, हा तुमचा प्रश्न. याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि जे देतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. बुरशीचं मी वर लिहिलं, त्यात नवऱ्याचा संबंध क्वचित. बॅक्टेरियल व्हजायनोसिस नवरा एकनिष्ठ असतानाही होऊ शकतो, तेव्हा त्यावरून संशय घेऊ नका. पण तो पुन्हा पुन्हा होण्यात नवऱ्याचा वाटा असू शकतो, कारण हे जंतू पुरुषाच्या लिंगाच्या त्वचेवर मुक्काम करतात. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निकाल 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात काही जोडप्यांमध्ये फक्त बाईला औषध दिलं, काहींमध्ये नवऱ्यालाही सात दिवस गोळ्या आणि लावायचं क्रीम दिलं. बारा आठवड्यांत फक्त बाईला औषध दिलेल्या गटात 63 टक्के जणींना आजार परत आला, दोघांना दिलेल्या गटात 35 टक्के जणींना. तुमचा आजार औषधानंतरही परतला, तर डॉक्टरांपुढे ही गोष्ट काढा.

बुरशी आणि व्हजायनोसिस यांच्याखेरीज पांढरं जाण्याला कारण असणारा आणखी एक जंतू आहे, ट्रायकोमोनास. त्यात फेसाळ, पिवळट-हिरवट जातं, वास असतो, जळजळ असते, पण काही बायकांत लक्षणं इतकी ठळक नसतात आणि तो व्हजायनोसिससारखाच भासतो. हा मात्र संबंधातूनच पसरतो, आणि दोघांनी एकाच वेळी औषध घेतल्याशिवाय जात नाही. पुरुषाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, आणि तो महिनोन् महिने अंगात राहू शकतो. म्हणजे कुणाकडून, कधी आला, हे रिपोर्टवरून सांगता येत नाही. म्हणूनच मी म्हणते, घरात आरोप नको, नमुना तपासा. योनीस्रावाचा एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की तिघांमधला कोण ते बहुतेक वेळा कळतं. त्यासोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी करून घ्या, दोघांचीही. तुम्हाला संशय आहे म्हणून नाही, योनीमार्गाच्या संसर्गात एचआयव्हीची लागण सोपी होते म्हणून प्रत्येकीला मी हेच सांगते.

मिस्टरांना कसं सांगायचं? ‘तुम्ही कुठे गेला होतात’ असं विचारलंत तर भांडण होईल आणि ते दवाखान्याची पायरी चढणार नाहीत. ‘डॉक्टर म्हणाल्या, औषध दोघांनी घ्यायचं असतं, नाहीतर माझं बरं होत नाही’ असं सांगा. दवाखान्यात ते एकटे डॉक्टरांसमोर बसतील तेव्हा जे बोलायचं ते बोलतील, तिथली गोष्ट तिथेच राहते. तुमचं ऑपरेशन झालंय म्हणून निरोध लागत नाही असं दोघांनाही वाटत असेल. मूल न होण्यासाठी लागत नसेल, जंतूंसाठी लागतो. औषध संपेपर्यंत संबंध टाळा, त्यानंतर काही महिने निरोध वापरा. योनीमार्गात घालायच्या काही गोळ्या-क्रीमने निरोधाचं रबर कमकुवत होतं, म्हणून त्या दिवसांत निरोधावर भिस्त नको.

तुमच्या कामाचं मात्र मला जास्त खटकतं, कारण त्यावर कुठली गोळी नाही. बाईला बारा तास फिरतीवर पाठवायचं आणि ती लघवीला कुठे जाईल याचा विचारच करायचा नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना चालतं. तुम्ही सेंटर मीटिंग सभासदाच्या घरी घेता ना? हप्ता मागायला तिथे लाज वाटत नाही, तर बाथरूम मागायला का वाटावी! रोजच्या रस्त्यावरची दोन-तीन घरं, एखादी अंगणवाडी, पेट्रोल पंप अशी ठिकाणं ठरवून टाका. पंपावर स्वच्छतागृह ठेवणं बंधनकारक असतं, ते मोकळेपणाने मागा. तीन-चार तासांनी एकदा जा आणि पाणी प्या. सोलापूरच्या उन्हात दिवसभर पाण्याशिवाय राहणं किडनीलाही परवडणार नाही. ब्रँचमध्ये तुमच्यासारख्या आणखी मुली असतील, तर मॅनेजरकडे एकटीने नको, सगळ्या मिळून जा.

पाळीच्या दिवसांत सकाळचा पॅड संध्याकाळपर्यंत ठेवत असाल, तुम्ही लिहिलं नाहीत पण मला शंका आहे, तर ते बदला. चार ते सहा तासांनी पॅड बदलायला हवा. कापड वापरत असाल तर कापड वाईट नाही, ओलसर कापड वाईट. ओडिशात भुवनेश्वर आणि राउरकेला इथे झालेल्या अभ्यासात पुन्हा पुन्हा वापरायचं कापड घेणाऱ्या बायकांमध्ये जननमार्गाच्या संसर्गाच्या तक्रारी जास्त निघाल्या, आणि याचं एक कारण असं की ते धुऊन घरातल्या काळोख्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळत घातलं जातं. उन्हात उघडं वाळवा, बघणाऱ्यांना बघू द्या. सुगंधी पॅड टाळा. घट्ट लेगिंग्जने थेट आजार होतो असा पक्का पुरावा नाही, पण घाम मुरतो आणि कातडी खरचटते, म्हणून आत सुती चड्डी आणि वर सैल सलवार बरी.

आता जायचं कुठे. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, गुप्तरोग आणि जननमार्गाच्या संसर्गांसाठीच. तपासणी आणि औषध मोफत. पांढरं जाण्यासाठी तिथे हिरव्या रंगाचं किट मिळतं, त्यात व्हजायनोसिस-ट्रायकोमोनासवरची आणि बुरशीवरची अशी दोन्ही औषधं असतात. एचआयव्हीची मोफत तपासणी तिथल्याच आयसीटीसी म्हणजे समुपदेशन-तपासणी केंद्रात होते, आणि शंका असेल तर 1097 हा नॅकोचा, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेचा, टोल फ्री क्रमांक आहे, नाव न सांगता बोलता येतं. जाण्याआधी दोन दिवस आत काही घालू नका, धुऊ नका, संबंध नको, नाहीतर नमुन्यात खरं दिसत नाही. पाळी चालू असताना जाऊ नका. जुन्या गोळ्यांची पाकिटं आणि ती ट्यूब सोबत न्या, नावं आठवत बसण्यापेक्षा दाखवणं सोपं. तिथे गेलातच तर गर्भाशयमुखाची ती पाच मिनिटांची तपासणीही कुठे होते ते विचारा.

थांबू नये अशी लक्षणं: ओटीपोटात दुखून ताप येणं, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, रक्तमिश्रित घाण वासाचं पाणी जाणं, जागेवर फोड किंवा जखम. यातलं काही दिसलं तर सुट्टीची वाट बघू नका.

आणि लघवीची जळजळ परत झाली तर पुन्हा मेडिकलमधून पाच गोळ्या आणू नका. लघवी बाहेर पडताना त्वचेला लागून चरचरतं, की आतून जळतं आणि सारखं जावंसं वाटतं, हे आधी नीट बघा. पहिलं असेल तर ते खाजवलेल्या, सोललेल्या कातडीचं आहे आणि त्याला अँटिबायोटिक लागत नाही. दुसरं असेल तर लघवीची तपासणी करून मग औषध घ्या. औषध देणाऱ्या डॉक्टरांना आठवणीने सांगा की मागच्या वेळी अशा गोळ्यांनंतर बुरशी झाली होती.